विष सापडले नाही, तरी फाशी: लागू खटला आणि व्हिसेऱ्याची बरणी

न्यायसहायक (फोरेन्सिक) प्रयोगशाळेच्या विषशास्त्र विभागात मी काम केले असे कळले की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. लग्नाच्या पंगतीत असो की गाडीत शेजारच्या सीटवर, आवाज थोडा खाली आणून विचारतात, "मॅडम, असं एखादं विष असतं का हो, जे तुम्हाला सापडतच नाही?"

प्रश्नात गैर काही नाही. त्यात कुतूहल असते, थोडी भीती असते, आणि कधी कधी स्वतःच्या घरातल्या एखाद्या मृत्यूची न मिटलेली शंका असते. शंका घेऊन आलेल्या माणसासाठी मी नेहमी वेळ काढते. विषांची यादी मी कुणालाच देत नाही. त्याऐवजी एक जुना खटला सांगते, कारण त्यात या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही यादीपेक्षा चांगले मिळते.

अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १४ डिसेंबर १९५९ चा. मृत बाई पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे, आरोपी पुण्याचा डॉक्टर, मृत्यू मुंबईच्या रुग्णालयात. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी आजाराने मृत्यू असे लिहिले होते. रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात विष नव्हते. तरीही खून शाबीत झाला आणि फाशीची शिक्षा कायम राहिली.

गाडीतली रात्र आणि पुढचे दहा दिवस

लक्ष्मीबाई शुक्रवार पेठेत स्वतःच्या घरात राहत. पती १९४५ साली वारले होते. धाकटा मुलगा १९५४ मध्ये गेला, थोरला वेगळा राहत होता. घर, शेअर्स, बँकेतले पैसे अशी बऱ्यापैकी मिळकत त्यांच्या हाती होती. प्रकृती तोळामासा: क्षयरोग होऊन गेलेला, मधुमेह होता. डॉक्टर लागू त्यांच्याच घरात भाडेकरू होता आणि त्यांच्यावर उपचारही तोच करी. एकट्या पडलेल्या बाईचा अशा डॉक्टरवर विश्वास बसावा यात नवल नाही.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघे पॅसेंजर गाडीने मुंबईला निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईतल्या एका मोठ्या डॉक्टरांना प्रकृती दाखवायची वेळ घेतलेली होती. गाडी पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी मुंबईच्या व्ही.टी. स्थानकाला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. स्ट्रेचरवरून त्यांना टॅक्सीत घातले आणि डॉक्टर त्यांना जी.टी. रुग्णालयात घेऊन गेला. पावणेसहाच्या सुमारास त्या दाखल झाल्या. साडेअकराला त्यांचा मृत्यू झाला.

दाखल करताना नाव सांगितले गेले ते इंदुमती असे. बाईंचे माहेरचे नाव इंदुमतीच होते, पण माहेरचे आडनावही कागदावर बरोबर उतरले नाही. लक्ष्मीबाई कर्वे या नावाने कुणी त्यांना शोधत आले असते तर रुग्णालयाच्या वहीत त्या सापडल्याच नसत्या. गाडीत अचानक शुद्ध गेली, असे झटके आधीही येत असत, असा इतिहास डॉक्टरने सांगितला आणि हिस्टेरियाचे झटके हा पहिला अंदाज कागदावर उतरला. पुढे लघवीत साखर दिसली तेव्हा मधुमेही बेशुद्धी धरून इन्सुलिन दिले गेले.

बाई गेल्यावर रुग्णालयाने पुण्याला तार केली. शव न्यायला कुणी आले नाही. बाईंचा भाऊ कलकत्त्याहून येईल असे डॉक्टरने पत्राने कळवले. असा भाऊ अस्तित्वातच नव्हता. शव बेवारस ठरून जे. जे.च्या शवागारात गेले आणि ते वैद्यकीय विद्यार्थ्यांना विच्छेदनासाठी द्यायची तयारी सुरू झाली. तसे झाले असते तर हा खटला उभाच राहिला नसता. पण मानेवर एक खूण एका शिपायाच्या नजरेला पडली. त्याने ती वरिष्ठांच्या कानावर घातली आणि शवविच्छेदनाचा आदेश निघाला. त्या खुणेतून गळा आवळल्याचे काही निष्पन्न झाले नाही, पण तिच्यामुळे व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे तुकडे, राखला गेला आणि कागद तयार झाले. शवविच्छेदनाची तारीख २३ नोव्हेंबर. मृत्यूला दहा दिवस होऊन गेले होते.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना शरीरात मृत्यूचे ठळक कारण दिसले नाही. व्हिसेरा विश्लेषकाकडे गेला, अहवाल 'विष नाही' असा आला. मग रुग्णालयाच्या केसपेपरात लिहिलेली मधुमेही बेशुद्धी त्यांनी मृत्यूचे कारण म्हणून स्वीकारली. ही साखळी नीट पाहावी. रुग्णालयाचा अंदाज शवविच्छेदनाने उचलला, शवविच्छेदनाला विश्लेषकाच्या 'नाही'ने आधार दिला, आणि शेवटी तीन स्वतंत्र मते आहेत असा भास झाला. प्रत्यक्षात मत एकच होते, तेही सकाळच्या घाईत बांधलेले.

बरणीला काय विचारले जाते

आता आमच्या टेबलाकडे येऊ, कारण लोकांच्या मनात सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे. न्यायसहायक प्रयोगशाळेतली माणसे शवविच्छेदन करत नाहीत. ते सरकारी रुग्णालयातले डॉक्टर करतात. आमच्याकडे येतात त्या लाखबंद बरण्या. एका बरणीत जठर आणि लहान आतड्याचा तुकडा, आतल्या ऐवजासह. दुसरीत यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे तुकडे. लहान बाटलीत रक्त. अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात असतात, आणि तेच द्रावण नुसतेही वेगळ्या बाटलीत येते, म्हणजे मिठाच्या पाण्यातूनच काही आले का ते ताडून पाहता यावे.

हवालदार बरण्या घेऊन काउंटरवर येतो. आम्ही आधी सील पाहतो. सोबतच्या नमुना सीलशी लाखेवरचा ठसा जुळतो का, कापडाची शिवण उसवली आहे का, चिठ्ठीवरचा शव क्रमांक पत्रातल्या क्रमांकाशी जुळतो का. जुळत नसेल तर मुद्देमाल घ्यायचा नाही. रात्रभर एस.टी.ने प्रवास करून आलेला माणूस वैतागतो. "मॅडम, घ्या ना, साहेब ओरडतील." त्याची दया येते, पण मुद्देमाल परत जातो. १८५६ साली लंडनला विल्यम पामर या डॉक्टरवर विषप्रयोगाचा खटला चालला. त्यातल्या जठराच्या बरणीच्या झाकणाला चिरा पडलेल्या आढळल्या होत्या आणि आतला ऐवज धड हाती लागला नव्हता. आज आम्ही लाखेच्या ठशावर एवढा जीव टाकतो त्याला अशा जुन्या प्रकरणांची पार्श्वभूमी आहे.

बरणी उघडली की आधी नाक काम करते. कीटकनाशकांना रॉकेलसारखा वास असतो, कारण ती बहुधा तशाच द्रावकात मुरवलेली असतात. उंदीर मारायच्या झिंक फॉस्फाइडला आणि धान्यात ठेवायच्या गोळ्यांना लसणासारखा वास येतो. मग जठराच्या घड्या काचेच्या कांडीने उलगडून पाहायच्या: काळसर कण आहेत का, बियांचे तुकडे आहेत का, कॅप्सूलचे कवच चिकटले आहे का. धोतऱ्याचे बी मिरचीच्या बियांत लपून जाते. ते भिंगाखाली वेगळे काढावे लागते. हे काम घाईचे नाही आणि कुठल्या यंत्राने होणारेही नाही.

त्यानंतर यकृताचा तुकडा तोलून त्याचा लगदा करायचा. त्यातली प्रथिने साखळवून गाळून काढायची. उरलेला निवळ द्राव आधी आम्ल करून ईथरमध्ये घुसळायचा, मग अल्कली करून क्लोरोफॉर्ममध्ये. एका बाजूला झोपेची औषधे आणि त्यांच्यासारखी द्रव्ये उतरतात, दुसऱ्या बाजूला कुचला, अफू, धोतरा यांतली अल्कलॉइड्स. या पद्धतीचे मूळ १८५० चे आहे. बेल्जियममध्ये एका माणसाला निकोटिन पाजून मारले होते. जाँ स्तास या रसायनशास्त्रज्ञाने ते मृताच्या अवयवांतून वेगळे काढून दाखवले आणि पुढे ऑटो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्यात सुधारणा केली. द्रावक उडवून उरलेला पिवळसर चिकटा पातळ थर दिलेल्या काचेच्या पट्टीवर चढवला, त्यावर द्राव फवारला की नारिंगी, निळे, जांभळे ठिपके उमटतात. आज त्यापुढे द्रव्ये वेगळी करून ओळखणारे गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर आहेत. १९५६ साली ही यंत्रे आमच्या कामात नव्हती. रंगचाचण्या, स्फटिकांचे आकार, वास, चव सोडून उरलेली सगळी इंद्रिये आणि अनुभव, यावर काम चाले. मुंबईची राज्य न्यायसहायक प्रयोगशाळा सुरू झाली तीच मुळी १९५८ साली, म्हणजे बाईंच्या मृत्यूनंतर.

वरच्या पद्धतीतली एक पायरी पुन्हा वाचा: प्रथिने साखळवून गाळून काढायची. ही आमच्या कामाची पहिली पायरी आहे, कारण मांसातली प्रथिने राहिली तर पुढचे काही दिसत नाही. पण मारणारे द्रव्यच प्रथिनांच्या जातीचे असेल तर? इन्सुलिन तसे आहे. ते गाळणीवरच्या चोथ्याबरोबर बाहेर जाते, आणि राहिलेल्या द्रावात कितीही कसून शोधले तरी अहवाल प्रामाणिकपणे 'नाही' असाच येतो. जाळ्याच्या डोळ्यांतून जो मासा निसटतो, तो समुद्रात नव्हता असे कोळी कधी म्हणत नाही. आमच्या अहवालातले वाक्य वर्षानुवर्षे ठरलेले आहे: सर्वसाधारण व विशिष्ट रासायनिक चाचण्यांत मुद्देमालात कोणतेही विष आढळून आले नाही. त्यातला प्रत्येक शब्द जपून ठेवलेला आहे. 'चाचण्यांत' आढळले नाही. 'मुद्देमालात' आढळले नाही. पोलीस ठाण्यात पोचेपर्यंत त्याचे 'विष नव्हते' होते, आणि घरी पोचेपर्यंत 'डॉक्टरांनी सांगितलं, हार्ट फेल' असे होते.

लक्ष्मीबाईंना इन्सुलिन देऊन मारले असे मी म्हणत नाही. तसा पुरावा न्यायालयापुढे नव्हता आणि न्यायालयाने कुठल्याच विषाचे नाव घेतले नाही. लघवीत साखर सापडली होती, ती इन्सुलिनच्या कल्पनेच्या विरोधात जाते असे कुणी म्हणेल. त्यावर मूत्राशयात साठलेली लघवी आधीच्या तासांची असते, असे उत्तर देता येईल. शिवाय रुग्णालयातच इन्सुलिन दिले गेले होते, तेव्हा ते सापडले असते तरी त्यातून काही शाबीत झाले नसते. असे तर्क लढवत बसण्यात रात्र निघून जाते. मुद्दा एवढाच की त्या काळच्या हत्यारांनी, दहा दिवसांच्या शवात, कुठल्या विषाचा संशय आहे हे माहीत नसताना घेतलेल्या शोधाला मर्यादा होत्या, आणि आरोपी डॉक्टर असल्याने त्या मर्यादा त्याला ठाऊक असण्याची शक्यता मोठी होती.

योगायोग असा की पुढच्याच वर्षी, मे १९५७ मध्ये, इंग्लंडात ब्रॅडफर्डला केनेथ बार्लो नावाच्या परिचारकाची बायको न्हाणीत मेलेली सापडली. बुबुळे कमालीची विस्फारलेली होती. शवाची कातडी भिंगाने तपासताना नितंबांवर सुईच्या खुणा दिसल्या. शास्त्रज्ञांनी तिथले मांस काढून त्याचा अर्क उंदरांना टोचला आणि इन्सुलिनने जशी धाप, थरथर आणि बेशुद्धी येते तशी ती आली. खुनासाठी वापरलेले इन्सुलिन शवातून सिद्ध होण्याची ती पहिली केस. त्या माणसांना यश आले कारण काय शोधायचे ते त्यांना ठाऊक होते आणि कुठे शोधायचे ते कातडीवर दिसले होते. प्रयोगशाळेचे कौशल्य दोन्हीकडे सारखेच धरले, तरी प्रश्न नेमका विचारला की उत्तर बदलते.

मग खून शाबीत कशाने झाला?

बाई पुण्याला परत आल्या नाहीत, पण त्यांची पत्रे येत राहिली. आपण तीर्थयात्रेला निघालो, मग जोशी नावाच्या गृहस्थाशी लग्न केले, जयपूरजवळ राठोडी या गावी सुखात आहोत, शोध घेऊ नये, असा त्यांचा मजकूर. नातेवाइकांना धक्का बसला. काहींनी विश्वासही ठेवला. राठोडी नावाचे असे गाव नव्हतेच. पत्रे डॉक्टर लिहीत होता. त्याच काळात बाईंचे शेअर्स, पैसे, घरातले सामान एकेक करून त्याच्या हाती जात होते. काही व्यवहारांची तयारी मृत्यूच्या आधीच झाली होती असे न्यायालयाने धरले. शेवटी आप्तांनी वरपर्यंत तक्रारी केल्या आणि मार्च १९५८ मध्ये त्याला अटक झाली. बेवारस शवाचा फोटो काढून ठेवलेला होता. जी.टी.तली इंदुमती म्हणजेच लक्ष्मीबाई, हे त्यामुळे ठरले.

पत्रे खोटी आहेत, पैसा खाल्ला, हे सगळे आरोपीने फारसे नाकारले नाही. त्याचा बचाव सरळ होता: बाई आजाराने गेली, त्या मृत्यूचा मी फायदा उठवला, मी लोभी आहे, खुनी नाही. आणि विश्लेषकाचा कागद त्याच्या बाजूने होता.

खटल्यात साक्षीला आलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांनी मधुमेही बेशुद्धीचे निदानच तपासायला घेतले. ती बेशुद्धी हळूहळू चढते, तासन्‌तास आधी चिन्हे दाखवते. श्वास खोल आणि जोरकस होतो, तोंडाला ॲसिटोनचा गोडसर वास येतो, जीभ कोरडी पडते. गाडीत बसताना धड असलेल्या बाईला अचानक आलेल्या बेशुद्धीशी हे चित्र जुळत नव्हते. शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांनीही साक्षीत आपले मत केसपेपरावर आणि विश्लेषकाच्या अहवालावर टेकले होते हे सांगितले. म्हणजे 'आजाराने मृत्यू' हा आधार गळून पडला. पण आजार नाही म्हणजे विषच, असे सरळ म्हणता येत नाही, आणि इथेच हा खटला अवघड होतो.

न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निकाल लिहिला. विषप्रयोगात सहसा तीन गोष्टी पाहतात: मृत्यू विषाने झाला का, आरोपीजवळ विष होते का, ते देण्याची संधी त्याला होती का. या तिन्ही गोष्टी परिस्थितिजन्य पुराव्यानेही शाबीत होऊ शकतात, रासायनिक अहवालात विष दिसलेच पाहिजे अशी अट घालता येत नाही, असे त्यांनी मांडले. तसे धरले नाही तर दुर्मीळ किंवा लगेच विरून जाणारे विष वापरणारा माणूस कायमचा सुटेल, आणि त्यात डॉक्टराला सगळ्यांत सोपे. मग त्यांनी आरोपीची वागणूक क्रमाने लावली: चुकीचे नाव, दडवलेली ओळख, शवाकडे फिरवलेली पाठ, कल्पनेतला भाऊ, कल्पनेतले लग्न. नैसर्गिक मृत्यू झालेल्या रुग्णाचा डॉक्टर पहाटे पावणेसहापासूनच तिची ओळख पुसायला लागत नाही, असा या सगळ्याचा रोख होता.

न्यायमूर्ती ए. के. सरकार मात्र सहमत झाले नाहीत. मृत्यू अनैसर्गिक होता हेच फिर्यादी पक्षाला शाबीत करता आलेले नाही, आणि नंतरची लबाडी लोभानेही समजते, असे त्यांचे म्हणणे. दोघे एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला, असा हा निकाल झाला.

मला स्वतःला बहुमत पटते. त्यातली बाकीची लबाडी मृत्यूनंतरची असली, तरी खोटे नाव बाई जिवंत असताना सांगितले गेले, आणि रुग्णाला वाचवायला निघालेला माणूस ते करत नाही. नुसत्या लोभाला त्या क्षणी तसे करायचे कारण नव्हते. पण नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना मी न्यायमूर्ती सरकार यांचे मत आधी वाचायला सांगत असे. कारण आमच्या 'नाही'ला न्यायालयाने बाजूला ठेवले की त्या जागी काय येते, आणि ते किती काळजीने यायला हवे, हे त्यातून कळते.

याच गावची उलटी बाजू

लागू खटला सांगितला की लोक म्हणतात, "म्हणजे तुमच्या रिपोर्टला काही किंमतच नाही!" तेव्हा दुसरा खटला सांगावा लागतो. तोही पुण्याचाच. जून १९८२ मध्ये एक नवविवाहित तरुणी मरण पावली. विष होते पोटॅशियम सायनाइड, त्याबद्दल वाद नव्हता. नवऱ्याला खालच्या न्यायालयात फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो निकाल. परिस्थितिजन्य पुराव्याचे 'पंचशील', म्हणजे त्यावर शिक्षा देण्याआधीच्या पाच कसोट्या, म्हणून देशभरचे वकील आजही तो तोंडपाठ सांगतात. विष तिने स्वतः घेतले असण्याची शक्यता उरते आणि सायनाइड आरोपीच्या ताब्यात होते हे दिसत नाही, असे न्यायालय म्हणाले.

एका खटल्यात विष सापडले नाही आणि शिक्षा झाली. दुसऱ्यात सापडले आणि आरोपी सुटला. विष कुणी दिले हे बरणी सांगत नाही. ते का दिले, कशातून दिले, मृताने स्वतः घेतले की त्याला पाजले, हेही सांगत नाही. ती सांगते ते फक्त आम्ही काय शोधले आणि काय दिसले. हे ऐकून काही लोकांचा हिरमोड होतो. टीव्हीवर एका थेंबातून सगळी गोष्ट उलगडताना त्यांनी पाहिलेली असते.

घरच्या शंकेसाठी

ज्यांच्या घरात असा मृत्यू झाला आहे त्यांचे प्रश्न वेगळे असतात, आणि त्यांना उत्तर मिळायलाच हवे.

मृत्यूचे कारण प्रयोगशाळा लिहीत नाही. आमचा अहवाल गेल्यावर शवविच्छेदन करणारे डॉक्टर अंतिम मत देतात, आणि तोपर्यंत कागदावर 'व्हिसेरा राखून ठेवला, मत राखीव' असे असते. अहवाल पोलीस ठाण्याच्या पत्राला उत्तर म्हणून जातो. तो नातेवाइकांच्या हाती आम्ही देत नाही. तपास अधिकाऱ्याकडे किंवा न्यायालयात अर्ज करावा लागतो. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली थेट पुराव्यात वाचता येतो; गरज वाटली तर न्यायालय तज्ज्ञाला बोलावून उलटतपासणीही होऊ देते. १ जुलै २०२४ पासून सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूदही त्याच संहितेत आली आहे. सगळीकडे ती अमलात यायला वेळ लागेल, पण बरणी येण्याआधीच जागा पाहिलेला माणूस असणे ही मोठी गोष्ट आहे.

दहन झाले असेल तर अवयवांतून शोध घेण्याची वाट जवळजवळ बंद होते. दफन असेल तर शव उकरून काढता येते आणि आपल्या कायद्यात त्याला मुदत नाही. आर्सेनिकसारखे धातू वर्षानुवर्षे टिकतात. वनस्पतीज आणि औषधी द्रव्ये फार लवकर विरतात. म्हणून शंका असेल तर ती स्मशानात जाण्यापूर्वी बोलून दाखवावी लागते, मग चार लोक काही का म्हणेनात.

आणि आम्हाला खरी मदत होते ती पत्रातल्या माहितीची. पोलिसांच्या पत्रात बरेचदा एवढेच असते: 'विषप्राशन केल्याचा संशय, तपासून अहवाल द्यावा.' त्या माणसाला कोणती औषधे चालू होती, शेवटचे काय खाल्ले, किती वाजता, उलटी झाली का, आकडी आली का, बुबुळे कशी होती, रुग्णालयात कोणती इंजेक्शने दिली, यातले काही नसते. लक्ष्मीबाईंच्या बरणीसोबत तर त्यांचे खरे नावसुद्धा आले नव्हते. नातेवाइकांनी औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, गोठ्यात पडलेली बाटली, उलटी लागलेले कपडे फेकून न देता पंचांसमोर पोलिसांकडे द्यावे. कपडे सावलीत वाळवून कागदात गुंडाळावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, ते कुजतात. वेळा एका कागदावर लिहून काढाव्यात आणि तो कागद डॉक्टरांनाही द्यावा, पोलिसांनाही. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची रिकामी बाटली समोर असली की आम्ही त्याच पट्टीवर त्याचाच शुद्ध नमुना शेजारी चढवतो, दोन ठिपके एका उंचीवर येतात का पाहतो, आणि अहवालात विषाचे नाव लिहितो.